रिमवरचं तेल

महायुद्धाच्या काळात माझी पोस्टिंग नगरला होती. मी मूळचा तिसगावचा, म्हणजे नोकरी अगदी उंबऱ्यावर. पण रजा मिळायची ती लांबच्यांना. मी डिस्पॅच रायडर होतो, म्हणजे फौजेचे निरोप पोचवणारा. लोकांना वाटतं, डिस्पॅच रायडर म्हणजे मोटारसायकल. त्या मोजक्या होत्या आणि गोऱ्यांकडे होत्या. आम्हाला काळ्या, जड सायकली. हँडलपासून लोखंडी दांड्या खाली जायच्या आणि रबराचे गुट्टे रिमवर दाबायच्या. हाच ब्रेक.

माझा जोडीदार सोनईचा योहान. त्याचे वडील देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, पेटी वाजवत. हा पठ्ठ्या परेडमध्येही भजन गुणगुणायचा आणि शिव्या खायचा. महत्त्वाचा निरोप असला की दोघांनी जायचं, अंतर ठेवून. पुढचा पडला तरी मागच्यानं थांबायचं नाही. नियमच होता तो.

शनिवारी इन्स्पेक्शन. आमच्या हवालदारांना रिममध्ये स्वतःच्या मिशा दिसायला हव्या असत. म्हणून सगळे रिमला तेल चोळायचे आणि परेड सुटल्यावर राखेनं ते काढून टाकायचे. तेलकट रिमवर ब्रेक धरत नाही, हे न कळण्याइतके आम्ही खुळे नव्हतो. पण फौजेत आधी चकाकी, मग अक्कल.

त्या शनिवारी कॅम्प घाटमाथ्यावर होता. दुपारी घाटाच्या उतारावर तोफांचा सराव व्हायचा होता. लोकांना अडवायला पायथ्याशी आमचं पिकेट, म्हणजे पहाऱ्याची तुकडी होती. इन्स्पेक्शन चालू असतानाच हुकूम आला, फायरिंग आत्ताच होणार.

"हॅलो पिकेट, हॅलो पिकेट. ओव्हर." सिग्नलवाला ओरडत राहिला. वायरलेस सेट मुका.

तोफा पलीकडच्या टेकडीवर होत्या. तिथून घाटरस्ता दिसत नव्हता. पिकेटनं लाल फ्लेअर, म्हणजे इशाऱ्याचा बाण आभाळात उडवला, तरच त्या थांबणार होत्या. कॅप्टन साहेब एवढंच म्हणाले, "रास्ता बंद करो. कोई रास्ते पर हो, तो लाल फ्लेअर. जल्दी."

राख लावायला वेळ कुठला! पहिल्याच उतारावर योहाननं ब्रेक दाबला आणि ओरडला, "धरत न्हाई रं!" माझाही धरत नव्हता. पाय घासत कसेबसे थांबलो.

"तू माती चोळून ये," तो म्हणाला. "मी हुतो फुडं."

"मरशील."

"खाली बाजारच्या गाड्या निघाल्या आसतील. तू ये मागनं."

तो गेला. मी मूठभर माती दोन्ही रिमांना चोळली आणि निघालो. मधल्या वळणावर बैलगाडी उभी दिसली. मागं आणखी गाड्या, बाया, पोरं. गाडीला धडकू नये म्हणून योहाननं सायकल सरळ कड्याच्या खडकावर घातली होती. तो रस्त्यावर पडला होता. गाडीतल्या एका बाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती पदरानं रक्त पुसत होती.

मी उतरायला लागलो. त्यानं डोळे उघडले.

"थांबू नगं. पिकेट."

मी थांबलो नाही. आयुष्यात इतकं जड काही केलं नाही.

लाल फ्लेअर वर गेली. तोफा गप्प राहिल्या. मी सायकल ढकलत घाट चढून त्या वळणावर परत आलो, तोवर योहान गेला होता. गाड्याही पिकेटच्या माणसांनी घाईनं पुढं काढल्या होत्या.

मला सोनईला पाठवलं. त्याच्या आईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्याच्यापाशी कोन हुतं?"

"मी न्हवतो, आई. गाडीतली एक बाई हुती. तिनं डोकं मांडीवर घेतलं हुतं."

"नाव काय तिचं?"

"इचारलं न्हाई."

पुढं मी अनेकदा त्या घरी गेलो. जेवणाआधी म्हातारी डोळे मिटून प्रार्थना करायची. घरातल्या सगळ्यांची नावं घ्यायची, माझंही. मग योहानचं. आणि शेवटी म्हणायची, "देवा, त्या बाईला सुखी ठेव. तुला तिचं नाव ठावं हाय."