चंदरभाऊ आणि तळ झाडणारं मशीन

पालेगावात आमची सोसायटी उभी आहे तिथे चंदरभाऊंच्या घरची भातशेती होती. आता त्याच जागेवरचा पोहण्याचा तलाव ते गेली सात वर्षं साफ करताहेत. लांब दांड्याचा ब्रश ओढून त्यांचा उजवा खांदा गेला. शेवटी कमिटीने बिनवायरीचं रोबोट मशीन घ्यायचं ठरवलं. सेक्रेटरी जयदेव यांनी तेव्हाच सांगितलं, "मशीन नीट चाललं तर वेगळा माणूस कशाला? वॉचमन सोडेल पाण्यात."

तरी दुकानात नेलं चंदरभाऊंनाच. मीही गेले. माझी तेजल त्या तलावात शिकते, म्हणूनच मी कमिटीत आहे. विक्रेता मोबाईलवरून मशीन फिरवून दाखवत होता.

"पाण्यानं भरल्यावर वर काढायला किती जड?" चंदरभाऊंनी विचारलं. "एका चार्जिंगमधी अख्खा तलाव होतो का? आन् बारीक धूळ धरनारा फिल्टर हाय? आमच्याकडं बाजूच्या बांधकामाची पावडर उडते."

तो फिल्टर वेगळा घ्यावा लागत होता. जयदेव म्हणाले, "नंतर बघू."

मशीन आलं. वापर झाला की लगेच बाहेर काढायचं, त्यातली कचऱ्याची टोपली धुवायची, चार्जिंगची खाच कोरडी पुसायची, मगच पिन लावायची, हे सगळं चंदरभाऊंनी वॉचमनला शिकवलं. तो शिकला की आपलं काम जाणार, हे त्यांना ठाऊक होतं.

रविवारी मशीन दोन तास फिरलं, तरी पाणी गढूळच होतं. मुलं टोप्या घालून तयार होती. चंदरभाऊ शिडीसमोर उभे राहिले.

"तळाची जाळी दिसत नाय. पोरं उतरनार नाय."

"अरे, एवढं महागाचं मशीन फिरलंय!" जयदेव ओरडले.

"फिरलंय ना. पावडर पुढनं घेतंय, मागनं सोडतंय. पोर बुडालं तर दिसंल का तुमाला, शेठ?"

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"उद्याचं उद्या. आज कोन उतरत नाय."

मी तेजलला टॉवेलात गुंडाळलं आणि म्हटलं, "आम्ही घरी चाललो." आणखी दोघी आपापल्या मुलांना घेऊन निघाल्या.

जयदेव खोल बाजूला जाऊन गुडघ्यांवर बसले. पाण्यात वाकून जाळी शोधली; त्यांनाही ती दिसेना. मग उठून त्यांनी पँट झटकली.

"फिल्टर मागवतो," ते म्हणाले. "पण मशीन तूच सांभाळायचं. सकाळी किती वाजता येतोस?"

"सात वर्सं सहालाच येतो," चंदरभाऊ म्हणाले. "तुमी झोपलेले असता."