रामापणजोबांच्या झाडाचे चिकू

डहाणूचं घर सोडलं त्या सकाळी बाबांनी हातात पाण्याचा तांब्या दिला आणि विहिरीजवळच्या जुन्या चिकूकडे बोट केलं. घरातलं माणूस समुद्रापार निघालं की त्या झाडाला पाणी घालतं, आणि ते परत येईपर्यंत त्याचे चिकू बाजारात जात नाहीत, ही आमची रीत. "जातो म्हणू नकोस, येतो म्हण," आई म्हणाली. साल २०१४. मी टांझानियात, टांगाला, घायपाताच्या मळ्यावर पंप सांभाळायला निघालो होतो.

त्याच्या शंभरेक वर्षं आधी, पहिल्या महायुद्धात, त्याच झाडाला पाणी घालून रामापणजोबा गेले. माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ. इंग्रजांच्या पलटणीमागे बैल हाकायला, जर्मनांच्या आफ्रिकेत, म्हणजे आताच्या टांझानियात. आलेच नाहीत. मेल्याची खबर नाही, म्हणून श्राद्धही नाही. त्यांचे चिकू गावची पोरं नि वटवाघळं खात राहिली. बाबांचा जीव त्यात अडकलेला. "माझ्या हातून त्यांना पाणी सुटू दे रे. बघ काही कळतं का."

टांगाची खाडी बघून मी चाट पडलो. तीच तिवरं, त्याच होड्या, थेट आमच्या शेजारची धाकटी डहाणू! घरमालकीण मामा सलमा (तिकडे 'मामा' म्हणजे आई) मला लढाईतल्या कबरी दाखवायला घेऊन गेली. दगडावर पंजाबची, दक्षिणेची, कुठकुठची नावं. भांडण दोन साहेबांचं, आणि मरायला माणसं आणली कुठून कुठून! रामाचं नाव मात्र नव्हतं.

"पोले," मामा सलमा म्हणाली. आपण 'सोस बाबा' म्हणतो ना, तसं. "माझ्या आजोबांना जर्मनांनी ओझी वाहायला नेलं. त्यांचा तर इथे दगडही नाही." म्हणजे एकाच रानात, एकमेकांच्या विरुद्ध, हे दोघं. बंदूक दोघांच्याही हातात नसणार.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. "नाव नाही मिळालं. पण आता ते येत नाहीत, बाबा."

बाबा म्हणाले, "त्या बाईच्या आजोबांचं नाव विचारून ठेव." सर्वपित्रीला त्यांनी दोघांनाही पाणी सोडलं. मामा सलमाला सांगितलं तर ती ओट्यावर बसून रडली.

मी म्हटलं, "बाबा, सुटले ते. आता उतरवा की त्या झाडाचे चिकू, बाजारात जाऊ देत."

"तू आलायस का?" बाबा म्हणाले.

आता २०१९ आहे. झाड यंदाही लगडलंय, आई फोटो पाठवते. अजून एकही चिकू विकलेला नाही.