बाहुलीची नाडी एकशे तीस!

पोरींनो, होस्टेलवर आल्या आल्या लिहून राहिली.

आज आमच्या नर्सिंग कॉलेजात आपत्तीची मॉक ड्रिल होती. रेल्वे घसरली असं समजायचं. सायरन वाजला आणि माझ्या वाट्याला सरावाची प्लास्टिकची बाहुली आली. तिचं मनगट धरून मी ओरडली, "मॅडम, जिवंत आहे! नाडी एकशे तीस!"

मॅडम जवळ बसल्या. "बाहुलीले नाडी कुठून येईल? अंगठ्यानं पाह्यलीस ना? ही तुझीच नाडी आहे."

सारं मैदान हसलं. मॅडम हसल्या नाहीत. माझं मनगट धरून म्हणाल्या, "कधीपासून अशी धावून राहिली?"

कॉलेजच्या दोन वर्षांत मला हे कोणी विचारलंच नव्हतं.

आपण वॉर्डभर नाड्या मोजत फिरतो. खरं सांगा, तुमची कोण पाहते?