काठावरची निर्गुडी
गुडघ्याला बांधायला सून निर्गुडीचा पाला गरम करते, तेव्हा तो उग्र वास घरभर होतो आणि मला मांजरा नदीचा काठ आठवतो. लातूरकडच्या एका खेड्यात मी तेव्हा भूगोल शिकवायचो. सकाळी सातवीच्या वर्गाला खारफुटी शिकवली: समुद्रकाठी तिची मुळं माती धरून ठेवतात, लाटांचा जोर मोडतात, त्यांच्या आडोशाला मासे वाढतात. दुपारी त्याच पोरांना कोयते देऊन नदीवर श्रमदानाला नेलं. तालुक्याचे साहेब झाडं लावायला येणार होते, म्हणून काठावरची निर्गुडी आणि करंज साफ करायचे होते. शेजारच्या वावरातली बाई धावत आली. तिची लेक माझ्याच वर्गात होती. "गुरुजी, ह्या मुळ्यांनीच काठ धरलाय. तोडू नका की!" मी हसलो. "मावशी, नुसतं रान माजलंय हे. चांगली झाडं लावायलोत ना आम्ही." साहेबांनी अशोकाची रोपं लावली, फोटो काढले, चहा घेतला. भादव्यात मांजरा चढली. रोपं गेली, काठ गेला, त्या बाईचं अर्धं वावर उभ्या सोयाबीनसकट गेलं. सहामाहीच्या पेपरात मी खारफुटीचं महत्त्व विचारलं होतं. तिच्या लेकीनं माझंच वाक्य जसंच्या तसं लिहिलं: मुळे माती धरून ठेवतात. मी पाचपैकी पाच गुण दिले. आज पाला बांधताना सून विचारते, "मामा, लई भाजतंय का?" मी म्हणतो, "भाजू दे."