निळ्यातला ठिपका

आमची चंद्रभागा वहिनी कशालाच भीत नाही, असं अख्खं शिरूर कासार सांगेल. उसाच्या फडात बिबट्या निघाला तेव्हा तोडणीच्या टोळीतले बाप्ये गाडीवर चढून बसले आणि ही बाई कोयता घेऊन खाली उभी राहिली. मुकादमाला ती तोंडावर शिव्या घालते. माझ्या थोरल्या भावाला, आश्रुबाला, तर रोजच घालते. पण पाण्याजवळ मात्र जात नाही.

त्याला कारण आहे. त्यांचा पहिला मुलगा परमेश्वर. नुकता चालायला लागलेला. नवरा-बायको ऊस तोडत होते, आणि पोरगं खेळता खेळता आमच्या राहत्या पाचटाच्या कोपीमागच्या कॅनॉलकडे गेलं. मीही त्या टोळीत होतो. त्याला पाण्यातून वर मीच काढलं. त्यापुढचं मला सांगवत नाही. नंतर मनिषा झाली. ती रांगायला लागली तशी वहिनी तिच्या पायाला जुन्या लुगड्याची पट्टी बांधायची आणि दुसरं टोक बैलगाडीच्या चाकाला. पोरगी बोंबलायची, ही ऊस तोडायची. मनिषाला भावाचं कुणी कधी सांगितलं नाही. मोठी झाल्यावर ती आईला टोमणे मारायची, "मला शेळीवानी बांधायची ही."

तीच मनिषा शिष्यवृत्ती मिळवून फिनलंडला मातीचा अभ्यास करायला गेली. ती जाताना मी एकच अट घातली होती, की कुठं फिरायला गेलीस तर फोनवरून ठिकाण पाठवत राहायचं. म्हणजे तिचा ठिपका नकाशावर आईला दिसतो.

यंदा कंबर धरल्यामुळे वहिनी घरीच होती. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, म्हणून आश्रुबा एकटाच अर्धा कोयता होऊन टोळीबरोबर गेला. माघातल्या एका रविवारी दुपारी वहिनी फोन पुढं धरून माझ्या पंक्चरच्या दुकानात आली.

"भावजी, हे निळं काय हाय?"

मनिषाचा ठिपका एका भल्यामोठ्या तलावाच्या ऐन मधोमध होता. पण मी शहाणा माणूस! मी आपल्या गावाचा नकाशा उघडून दाखवला. "हा आपला पाझर तलाव. हाय का न्हाई निळा? आन् तिथं दिवाळीपासून शेळ्या चरतात. नकाशावाल्याला काय कळतंय! आन् बघा, ठिपका हळूहळू सरकतोय. पोरगी चालतीय. पाण्यावर कुणी चालतं व्हय?"

वहिनीला पटलं. ती टेकली. मीही स्वतःवर खूश झालो.

तेवढ्यात मनिषाचा व्हिडिओ कॉल आला. जाडजूड कोट, लाल झालेलं नाक आणि मागं सगळं पांढरं. "माय, बघ! मी तलावावर उभी हाय. वर बर्फ, खाली पाणी. आमी पोरी त्या बेटावरचं लाकडी चर्च बघाया चाललोत." तिनं बूट आपटून दाखवला. त्याच वेळी खालून कुठून तरी घुमल्यासारखा आवाज आला. मनिषाचं हसू थांबलं. "हे वाजतच असतंय म्हणतात," ती म्हणाली, पण आवाज बारीक झाला होता.

"मने, माघारी फिर!" वहिनी ओरडली. चित्र थिजलं आणि कॉल तुटला.

मी परत लावला. फोन बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. ठिपका निळ्यात होता तिथंच थांबला. तिच्या एकाही मैत्रिणीचा नंबर मी घेतला नव्हता. वहिनी रडत नव्हती. ती अंगठ्यानं तो ठिपका काठाकडे ढकलत होती, आणि ठिपक्याबरोबर सगळा तलावच सरकत होता.

"भावजी, तुमी त्याला काढलं तवा किती येळ झाला व्हता?"

एक गिऱ्हाईक मोटारसायकल ढकलत आलं, त्याला हातानंच परत पाठवलं. मला इतकी भीती कॅनॉलच्या दिवसानंतर कधी वाटली नव्हती.

उन्हं कलली तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. "माय, गारठ्यानं माझा फोन मेला. बेटावर पोचलोत आमी. मैत्रिणीच्या फोनवरून बोलतीय."

वहिनीनं मुकादमालाही कधी दिल्या नसतील अशा शिव्या दिल्या. मनिषा हसायला लागली. "आता तिथून बांधती का मला चाकाला?"

"तुला भाऊ व्हता, मने," वहिनी म्हणाली. "परमेश्वर. कॅनॉलात गेला. म्हून बांधायचे तुला."

मग मनिषा अगदी हळू म्हणाली, "माय, परतीची वाट बर्फावरूनच हाय."

"फोन चालू ठेव. बंद करू नको."

मनिषा निघाली. बर्फावर बूट वाजत होते आणि वहिनी दुकानाच्या पायरीवर डोळे मिटून, स्पीकर लावलेला फोन कानाशी धरून बसली होती. मध्येच पावलं थांबली की तिचा श्वास थांबायचा. माझाही थांबायचा.

"आले माय. काठाला आले."

"वर चढ," वहिनी म्हणाली. "आजून वर चढ. पाणी दिसंना झालं की सांग."

मनिषा न हसता चढत राहिली. "आता न्हाई दिसत," ती म्हणाली, तेव्हा कुठं वहिनी रडली.