वानखडे सरांचं पोवळं

झूऑलॉजीवाले चार जण जमले की किस्से एकावर एक निघत जातात. बेडूक टेबलावरून उडाला, साप बरणीतून निसटला, सगळं सांगून होतं. मग कोणीतरी म्हणतंच, "यार, ते वानखडे सरांचं पोवळं होऊ दे!" मी सांगतो. लोक हसतात. मला मात्र आताशा सांगताना कडू लागतं.

साठ सालानंतरची गोष्ट. अमरावतीच्या एका कॉलेजात मी डेमॉन्स्ट्रेटर, वानखडे सर लेक्चरर. अंजनगावकडचे. छप्पन साली त्यांचं सगळं घर बौद्ध झालेलं. सर समुद्री जीव शिकवायचे, आणि वर्गात एकानंही समुद्र पाहिलेला नसायचा. म्हणून ते मुंबईला गेले आणि पदरच्या पैशानं एक जिवंत प्रवाळ विकत घेऊन आले. तळहाताएवढं, तपकिरी, दगडाला चिकटलेलं. समुद्राच्या पाण्यासकट काचेच्या बरणीत. बरणी मांडीवर घेऊन थर्ड क्लासचा प्रवास!

अकोल्याला एक म्हातारा चढला. बडनेऱ्यापर्यंत बरणीकडे टक लावून बसला. शेवटी न राहवून म्हणाला, "काहाचं लोणचं हाय जी?"

"जिवंत आहे, बाबा."

"मंग मुरलं नसंन अजून!"

*

आमच्या विभागाच्या हेडसाहेबांनी कॉलेजात जागा दिली नाही. त्यामुळे काचेची टाकी सरांच्या भाड्याच्या खोलीत, खिडकीशी आली. पाणी कमी पडलं की सर मीठ आणि कायकाय क्षार मिसळून घरीच समुद्र तयार करायचे. हवेसाठी ट्रकच्या टायरची जुनी ट्यूब. सायकलच्या दुकानातून ती भरून आणायची आणि बारीक नळीनं टाकीत एकेक बुडबुडा सोडायचा. ट्यूब गळ्यात घालून सर रोज सायकलवर निघत.

दुकानदार रोज विचारायचा, "सर, ट्रक कधी घेऊन राहिले?"

*

दिवेलागणीला प्रवाळातून नाजूक तंतू बाहेर येत. सर चिमट्यानं झिंग्याचा कण पुढे धरत आणि तंतू तो हळूच ओढून घेत. सरांच्या पत्नी शांताबाई करवादायच्या, "पोराईच्या ताटात वरण, अन् या दगडाले झिंगे!"

पण सरांना यायला उशीर झाला की चिमटा शांताबाईंच्याच हातात असायचा.

*

शेजारच्या गंगूबाईंच्या लेकीच्या पत्रिकेत मंगळ होता. पोवळं आलंय म्हटल्यावर त्या लगबगीनं आल्या. "मास्तर, आंगठीपुरता एक तुकडा तोडून द्या ना."

"अहो, हे ते पोवळं नव्हे. हे जिवंत आहे."

"मंग तर जास्तच गुन येईन!"

त्या दिवसापासून खिडकीला आतून कडी लागली.

*

आणि मग मे महिना आला. आमच्याकडचा मे! टाकीतलं पाणी हाताला कोमट लागायला लागलं. सर बर्फाची लादी आणून, पोत्यात गुंडाळून टाकीच्या बाजूंना लावत. दुपारपर्यंत पोतं वाळून कडक!

अख्ख्या कॉलेजात गारवा एकाच ठिकाणी होता, हेडसाहेबांच्या खोलीत. तिथे खसचे पडदे होते आणि त्यांवर दिवसभर पाणी मारलं जायचं. सर मला घेऊन गेले. "एवढा महिना टाकी तुमच्या कोपऱ्यात राहू द्या, सर. नाही तर ते मरेल."

साहेब म्हणाले, "अशक्य! त्या बुडबुड्यांच्या आवाजात मी दुपारी झोपू कसा?" मग माझ्याकडे पाहून घाईघाईनं, "म्हणजे, वाचू कसा!"

*

चार-सहा दिवसांत ते गेलं. एका संध्याकाळी तंतू बाहेर आलेच नाहीत. मग तपकिरी कातडी फेसासारखी सुटली आणि खाली पांढरंशुभ्र हाड उरलं. सर दोन दिवस धड जेवले नाहीत. ट्यूब मात्र रोज भरून आणत राहिले.

मी म्हटलं, "सर, आता कशाला?"

"एखादा तंतू आत जिवंत असंन तर?" शिकवताना कधी वऱ्हाडी न बोलणारे सर म्हणाले.

*

बातमी हेडसाहेबांपर्यंत गेली. ते पहिल्यांदाच सरांच्या घरी आले, तेही भर उन्हात चालत. मी तिथेच होतो. टेकल्या टेकल्या म्हणाले, "वानखडे, आता हे आमच्या म्युझियमला द्या. पांढरं किती छान दिसतंय!"

शांताबाई आतून पाणी घेऊन आल्या. नवा पेला, लखलखीत. "घ्या, सायेब."

घाम मानेवरून कॉलरमध्ये उतरत होता, ओठ कोरडे पडले होते. तरी साहेब म्हणाले, "नको, नको. घरून पिऊनच निघालो. आणि उन्हातून आल्यावर लगेच पिऊ नये!"

मला आल्या आल्या दिलेला पेला मी केव्हाच रिकामा केला होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि उठून टाकीपाशी गेले.

"हे पाणी तुम्ही घरीच बनवता म्हणे? अगदी समुद्रासारखं?"

"हो, सर."

साहेबांनी टाकीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा चाटलं.

"अरे वा! अस्सल खारट आहे हो, वानखडे!"

शांताबाई भरलेला पेला धरून तशाच उभ्या होत्या.