बांगड्यांवर आळ

माझ्या बहुतेक सगळ्या लबाड्या बायकोला माहीत आहेत. ही तेवढी नाही. तिलाच काय, कुणालाच नाही — आणि तुम्ही भोकरदनचे नाही, म्हणून तुम्हाला सांगायची हिंमत होतेय.

दोन हजार सालाच्या आसपास मी भोकरदनला शांतिलालशेठच्या छापखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचो. जालन्याला सहा महिन्यांचा कोर्स केला होता, तेवढ्यावर सगळं गाव मला इंजिनियर म्हणायचं. मीही कधी नको म्हटलं नाही. लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायचं काम नंदाताईंचं. त्या रोज धावड्याहून एसटीनं यायच्या आणि न बघता टाइप करायच्या. मी एका बोटानं करायचो — बघून.

लाइट गेली की कॉम्प्युटर बंद न करता आम्ही तो झोपवायचो. म्हणजे स्टँडबायला टाकायचो. अर्धवट पत्रिका आहे तशी राहायची, यूपीएस तग धरायचा, लाइट आली की बटण दाबून उठवायचं. दोन वर्षं हे सुरळीत चाललं. मग ऐन लग्नसराईत एक दिवस तो उठला तो रंगपंचमी खेळूनच! पडदाभर हिरवे-जांभळे पट्टे, वधू-वर दोघंही बेपत्ता. बंद करून चालू केला की ठणठणीत. पुन्हा झोपवून उठवला की पट्टे. आणि दर वेळी जुळवलेली पत्रिका गेलेली.

शेठ माझ्याकडे बघत होते. आता सांगा, लोक ज्याला इंजिनियर म्हणतात त्यानं ‘माहीत नाही’ म्हणायचं असतं का? समोर नंदाताईंची नायलॉनची साडी दिसली. नायलॉनचा करंट मशीनला बाधतो, असं मी ठोकून दिलं. शेठनी मान डोलावली. “बिलकुल बराबर. मला बी झटका बसतो ना नायलॉनचा!”

दुसऱ्या दिवशी ताई सुती साडी नेसून आल्या. पट्टे काही हटले नाहीत. मी रॅम काढून खोडरबरानं घासली, वायरी बदलल्या, शेठच्या समाधानासाठी मॉनिटरचं तोंड पूर्वेला केलं. पट्टे पूर्वेलाही दिसले. शेठ आता ताईंकडे बघायला लागले होते — मशीनवर दिवसभर हात तर त्यांचाच. ताईंचा चेहरा उतरला. “खुर्चीवरून उठवतेत का काय मला?” त्यांनी हळूच विचारलं. नवऱ्याला काम नव्हतं. घर त्यांच्याच बोटांवर चालायचं.

खरं सांगायला तेव्हाही हरकत नव्हती, की मला कळत नाहीये. पण मी म्हणालो — बांगड्या. काचेवर काच घासून करंट तयार होतो.

आमच्याकडे सवाशीण बाईनं मोकळ्या हातानं बसायचं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. सकाळी त्या आल्या, मागच्या नळावर साबण लावून एकेक बांगडी उतरवली, रिकाम्या डब्यात ठेवली आणि मनगटं पदराखाली धरून बसल्या. एक बांगडी उतरवताना वाढली होती. मी तिचे तुकडे पाहिले.

त्याच दुपारी, ताई जेवायला गेल्यावर, मला आठवलं. पंधरा दिवसांपूर्वी मी गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम चोरून टाकला होता. तो आपल्या सीडीतला नवा डिस्प्ले ड्रायव्हर मागत होता — ड्रायव्हर म्हणजे पडद्यावर चित्र कसं काढायचं ते मशीनला सांगणारा प्रोग्राम. मी तो दिला होता. आता तो काढून जुना टाकला. पाच वेळा झोपवलं, पाच वेळा उठवलं — लख्ख! खात्रीसाठी नवा टाकला. पट्टे. पुन्हा जुना. लख्ख. म्हणजे साडी नाही, बांगड्या नाहीत, पूर्व दिशाही नाही. मी!

गेम पुसला आणि गप्प बसलो. तासाभरानं लाइट गेली, आली. ताईंनी मोकळ्या हातानं बटण दाबलं, पत्रिका जशीच्या तशी उभी राहिली. शेठनी हात जोडले. “बांगड्याच निघाल्या, बघा!” आणि ताई? ताई हसल्या हो. “माझ्या हाताचा दोष न्हाई मंग. मी तर रातभर रडून राह्यले होते.” त्यांनी माझे आभार मानले. मी ते घेतले.

पुढं चार वर्षं त्या रोज नळावर जायच्या. घरी सासूला कळलं तेव्हा नवरा जित्ता असताना हे काय, म्हणून दोन दिवस त्यांना जेवणाला कुणी बोलावलं नाही. हे त्यांनीच मला सांगितलं. मी मान हलवली आणि टेबलावरचे कागद सारखे करत बसलो. लाज वाटली का? वाटली. रोज वाटायची, आणि रोज चहा आला की जायची.

मग मी स्वतःचा कॉम्प्युटर क्लास काढला. पहिल्याच दिवशी नंदाताईंची भाची आली, नवीन लग्न झालेली, कोपरापर्यंत हिरवा चुडा. खुर्चीत बसायच्या आधी तिनं तो उतरवायला घेतला. “मावशीनं सांगितलं, सर. कॉम्प्युटरला चालत न्हाई.” हात तांबडालाल झाला होता तिचा. खोलीत ती आणि मी, दोघंच. शेठ नाहीत, नोकरीची भीती नाही. एका वाक्याचं काम होतं.

मी आत गेलो आणि बांगड्या ठेवायला तिला एक वाटी आणून दिली.